सत्तर टक्के

सुनंदाबाई सकाळच्या पहिल्या गाडीने जळगावला गेल्या, आणि रुपचंद पाटलांनी कॉम्प्युटरवरचं फुलाफुलांचं कापड काढलं.

जाताना सुनंदाबाई बजावून गेल्या होत्या. "दूध तापवून फ्रीजमध्ये ठेवा. मोलकरणीला भांडी काढून द्या. आणि कॉम्प्युटरला हात लावू नका."

पहिली दोन कामं रुपचंदांनी मन लावून केली. तिसऱ्या सूचनेबद्दल मात्र त्यांचं वेगळं मत होतं. धुळ्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कुठलीही गोष्ट अडली की खिडकीतून एक खणखणीत आवाज द्यायचा, की ती सुटते, असा त्यांचा अनुभव होता. एक कॉम्प्युटर तो काय!

शिवाय हेतू चांगला होता. कॉम्प्युटर सुनंदाबाईंचा. देवपुरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलं काय काय टाइप करून द्यायच्या. सध्या समाजाच्या सामुदायिक विवाहाची स्मरणिका चालू होती. सगळ्या जोडप्यांची नावं, त्यांच्या आईवडिलांची नावं, गावं, देणगीदार, सगळं त्या पेटीत होतं आणि उद्या छापखान्यात जायचं होतं. पण पेटी जुनी झाली होती. एक पान उघडायचं म्हणजे सुनंदाबाईंची भाजी फोडणीला टाकून व्हायची. परवाच त्या कंटाळून म्हणाल्या होत्या, "ह्याच्यापेक्षा मी हाताने लिहिलं असतं."

ते रुपचंदांच्या मनाला लागलं. त्यांनी ती गोष्ट डेपोतल्या लोटनजवळ काढली. लोटन म्हणाला, "भाऊ, दोष मशीनचा नाही, आतल्या सिस्टिमचा आहे. नवी सिस्टिम टाका. माझ्या मेहुण्याने टाकली, तर मशीन घोड्यासारखं पळायला लागलं." आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मेहुण्याकडची सीडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिली.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल होता. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, बायको परत आली की तिला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, "बघ!" एवढाच रुपचंदांचा बेत होता.

सुरुवात झोकात झाली. सीडी आत गेली, मशीन घरघरलं, पडदा निळा झाला, आणि खाली एक पट्टी भरू लागली. दहा टक्के, वीस टक्के. पट्टीच्या वर बरंच इंग्रजी लिहिलेलं होतं. रुपचंदांनी त्याची पहिली ओळ वाचली. तपासणी चालू आहे, थोडा वेळ लागेल, एवढा अर्थ त्यांना लागला आणि तो पुरेसा वाटला. मशीन एकदा स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झालं, तेव्हा ते जरा दचकले. पण पट्टी पुन्हा पळू लागली. पन्नास, साठ, सत्तर.

सत्तरवर ती थांबली.

रुपचंदांनी चहा केला. पट्टी सत्तरवरच होती. दाढी करावी म्हणून त्यांनी गालाला साबण लावला, पण मध्येच काही झालं तर, म्हणून ते तसेच परत येऊन बसले. पट्टी हलली नाही. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ तेवढं जागच्या जागी उभं होतं. मशीन चालू आहे म्हणावं, तर काही चालत नव्हतं. बंद आहे म्हणावं, तर आतून घूं घूं आवाज येत होता. त्यांनी आपला तो प्रसिद्ध आवाज लावून "चला, चला, पुढे सरका!" असंही म्हणून पाहिलं. मशीन शिरपूरच्या गाडीतल्या प्रवाशांपेक्षा निगरगट्ट निघालं.

ज्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, त्याच्या पाटीवर 'कॉम्प्युटर क्लिनिक' असं लिहिलेलं असल्यामुळे मालकाला सगळे डॉक्टर म्हणत. रुपचंदांनी फोन लावला. मालकाच्या बायकोने उचलला.

"डॉक्टर अमळनेरला गेलेत. काय झालंय?"

"सत्तर टक्क्यांवर अडकलंय हो. हलत नाही."

"मग तुम्हीही हलवू नका. मध्येच लाइट गेले तर आतलं सगळं जातं म्हणतात. ते आले की सांगते."

आतलं सगळं जातं! रुपचंदांच्या डोळ्यांपुढे एकेक करून सगळी जोडपी, त्यांचे आईवडील आणि देणगीदार अंधारात विरघळून गेले. त्यांनी फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. धुळ्याच्या एप्रिलमध्ये बनियनवर, मशीनसमोर, हात जोडल्यासारखे बसून राहिले.

त्याच वेळी नळाला पाणी आलं. शेजारच्या भागाबाई मोटार लावायला अंगणात उतरल्या. ही मोटार म्हणजे दोन्ही घरांतलं जुनं दुखणं. भागाबाईंची मोटार लागली की सुनंदाबाईंच्या नळाची धार बारीक व्हायची आणि घरातले दिवे मिणमिणायचे. त्यावरून झालेल्या भांडणानंतर दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण रुपचंदांना आता मानापमान सुचत नव्हता. मोटार लागली की दिवे मंद होणार, दिवे मंद झाले की मशीन बंद पडणार! ते खिडकीशी धावले.

"भागाबाई, हात जोडतो, आज मोटार लावू नका!"

भागाबाई वळून पाहतात तो काय, दाढी वाढलेली, डोळे लाल, गालावर साबण वाळलेला. "काय व्हयनं, भाऊ?"

"मशीनवर आहे सगळं. वीज जरा जरी खाली आली आणि मशीन बंद पडलं, तर सुनंदाचं सगळं संपलं!"

भागाबाईंच्या हातातली बादली खाली पडली. "माय वं! मशीनवर शे? आनि डॉक्टर?"

"डॉक्टर अमळनेरला गेलेत. वाट पाहा म्हणतात." एवढं सांगून रुपचंद पुन्हा पट्टीसमोर जाऊन बसले.

भागाबाईंनी मोटार लावली नाही. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पदर डोळ्याला लावून त्या गल्लीत दारोदार फिरल्या, आणि कुणालाच मोटार लावू दिली नाही. सुनंदाबाई दवाखान्यात मशीनवर आहेत, वीज खाली आली तर जीव जाईल, असं त्या सांगत सुटल्या. कुठला दवाखाना, त्याची वीज देवपुरातल्या या गल्लीतून कशी जाते, असले प्रश्न अशा वेळी कोणी विचारत नाही. पाणी आलं तसं निघून गेलं. गल्लीतली एकही टाकी भरली नाही.

दुपारी अंगणात सतरंजी पडली. गल्लीतले सर्वांत वडीलधारे झुलाल नाना टोपी सारखी करून पुढे बसले. बाकीचे त्यांच्या मागे, माना खाली घालून. चाहूल लागून रुपचंद दारात आले. एवढी माणसं आपल्या कॉम्प्युटरसाठी उन्हातून आलेली पाहून त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

"कसं काय शे आते?" नानांनी हळू आवाजात विचारलं.

"सत्तर टक्क्यांवर आहे, नाना."

"सत्तर टक्का म्हंजे बरं शे. मन्हा भाऊनं तं डॉक्टरनी तीस टक्काच सांगेल व्हतं. आजबी शेतमा जास तो."

"पण सकाळपासून सत्तरच आहे. पुढेही जात नाही, मागेही येत नाही."

मागे कोणीतरी मोठा उसासा टाकला. भागाबाईंना रडू आवरेना. "मीच वंगाळ शे, भाऊ. मोटारसाठी मी तिले काय काय बोलनू! बरी होऊ दे तिले, मी मोटारच ईकी टाकसू."

रुपचंदांना हे थोडं जास्त वाटलं. एका मशीनसाठी दुसरं मशीन विकायची काही गरज नव्हती. पण दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून ते आत वळले. तेवढ्यात डेपोतून लोटन सायकल दामटत आला आणि त्यांच्या गळ्यातच पडला.

"भाऊ, सकाळीच कळलं, पण ड्यूटी आत्ता सुटली. तुम्ही काही काळजी करू नका. मी शिरपूरला तेव्हाच निरोप धाडलाय. गाडीच्या कंडक्टरजवळ. वहिनींच्या भावाला."

"कौतिकला?" रुपचंद चमकले. "त्याला कशाला?"

"असं कसं म्हणता? सख्खा भाऊ आहे."

सख्खा भाऊ होता, पण तीन वर्षांत त्याने बहिणीच्या घराची पायरी चढली नव्हती. भाचीच्या लग्नात वधूमागे मामाने उभं राहायचं. त्या दिवशी कौतिकची जीप वाटेत बंद पडली, मुहूर्त टळायला आला, आणि गुरुजींनी घाई करून मामाच्या जागी चुलतमामाला उभं केलं. कौतिक धापा टाकत मांडवात शिरला, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तो जेवला नाही, बोलला नाही, आल्या पावली परत गेला. त्यानंतर सुनंदाबाईंच्या पत्रांना उत्तर नाही की राखीचा स्वीकार नाही. अशा माणसाला कॉम्प्युटर बिघडला म्हणून शिरपूरहून कशाला बोलवायचं, हे रुपचंदांना काही केल्या उमगेना. ते तसं विचारणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

सुनंदाबाई उतरल्या. हातात केळीच्या वेफर्सची पिशवी. आपल्या अंगणात सतरंजी, सतरंजीवर टोप्या, बायकांच्या डोळ्यांना पदर, हे सगळं त्यांनी लांबूनच पाहिलं. घरात एकटे कोण होते? पिशवी तिथेच टाकून त्या "अहो!" असा टाहो फोडत धावल्या.

त्यांना धावत येताना पाहून सतरंजीवरचे सगळे ताडकन उभे राहिले. झुलाल नानांची टोपी पडली. भागाबाईंनी मात्र पुढे होऊन त्यांना घट्ट मिठी मारली.

"कशी काय उनी वं तू? मशीनवरथून सोडी दिधं का तुले?"

"सोडा मला! कुठे आहेत ते? अहो!"

"अगं, इथेच आहे मी," रुपचंद दारातून म्हणाले. एवढं मोठं रडणं ऐकून त्यांना वाटलं, हिला बाहेरच कळलं वाटतं. ते मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली माझी. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम टाकायला गेलो, आणि ती सत्तर टक्क्यांवर अडकली."

आतल्या मशीनचं घूं घूं आता अंगणातही सगळ्यांना ऐकू आलं.

"कॉम्पुटर?" झुलाल नाना म्हणाले.

"मग तुम्ही कशासाठी आला होता?" रुपचंदांनी विचारलं.

नानांनी पडलेली टोपी उचलून झटकली. सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, भागाबाईंच्या ओल्या गालांकडे पाहिलं, आणि आत जाऊन त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या. पदराने घाम पुसला, चष्मा लावला. पडद्यावरचं इंग्रजी त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग बोट पुढे केलं आणि बटण दाबून मशीन सरळ बंद केलं.

"अगं!" रुपचंदांचा आवाज पार पाचकंदिलाच्या बाजारापर्यंत गेला असेल.

"शेवटच्या ओळीत लिहिलंय," सुनंदाबाई म्हणाल्या, "बराच वेळ हललं नाही, तर बंद करून पुन्हा चालू करा."

त्यांनी पुन्हा चालू केलं. पट्टी उगवली, सत्तरच्या पुढे सरकली आणि बघता बघता शंभराला भिडली. दारात, खिडकीत गल्ली गोळा झाली होती. सुनंदाबाईंनी स्मरणिका उघडली. भाजी फोडणीला टाकायला लागणारा वेळ लागला नाही. सगळी जोडपी, आईवडील, देणगीदार, जागच्या जागी होते. लोटनने अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं.

"रोज दुपारी वीज जाते," रुपचंद कपाळाला हात लावून म्हणाले. "आजही गेली असती तर काम झालं असतं. नेमकी आजच नाही गेली!"

आता सुनंदाबाई रागावतील म्हणून सगळे जपून उभे होते. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "गल्लीत कोणीच मोटार लावली नाही? माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"आते काय सांगू तुले," भागाबाई तोंड फिरवून म्हणाल्या. "पेवालेबी पानी नही घरमा."

"माझी टाकी कालची भरलेली आहे. हंडा घेऊन या. आणि त्या मोटारीचं नंतर बघू." दोघींचं बोलणं इतक्या महिन्यांनी सुरू झालं, ते असं. रुपचंदांनी पंखा लावला आणि शिक्षा म्हणून सगळ्या गल्लीसाठी चहा टाकला.

चहा उकळत होता, तेव्हा जीपचा आवाज आला. कंडक्टरने निरोप चोख पोहोचवला होता. शिरपूरहून कौतिक आला होता, पायांत चपला न घालताच. गल्लीच्या तोंडापासूनच त्याचा हंबरडा ऐकू आला, "अक्का वं! मन्ही अक्का वं!" कोणी त्याला अडवायच्या आत तो दारात आला. समोर अक्का, चष्मा लावून, हातात वेफर्सची बशी घेऊन उभी होती.

कौतिकने खांबाला धरून तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्याचा चेहरा लाल झाला. "जिती शे तू? माले फसाडं तुम्हीन!"

"मी मेल्यावरच येणार होतास का, कौतिक?"

तो पाठ फिरवून निघाला. दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच बसला. सुनंदाबाई बशी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. गल्लीतली माणसं हातात कप धरून उगीच आकाशाकडे पाहू लागली.

"लगीनले उशीर व्हयना," कौतिक खाली बघत म्हणाला. "या बारीले तरी येळवर पोचू म्हनीसन पयत उनू."

"पोचलास की," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी त्याच्यापुढे सरकवली. "चांगला वेळेच्या आधी पोचलास."