कठड्यावरचा पहारा

मालवाहू जहाजावर बारा पोलीस पाठवण्याचा हुकूम आला, तेव्हा जमादारांनी तो दोनदा वाचला. चाच्यांनी महिन्याभरात दोन जहाजं लुटली होती. पहारा मिळाल्याशिवाय नांगर उचलणार नाही, असं तिसऱ्याच्या कप्तानाने कळवून टाकलं होतं.

"कोण कोण जाणार?" जमादारांनी चौकीत विचारलं.

एकाची लगेच पाठ धरली. दुसऱ्याची सासू अत्यवस्थ झाली. तिसरा म्हणाला, "पाणी बघितलं की माझ्या छातीत धडधडतं."

"मग आंघोळ कशी करतोस?"

"डोळे मिटून."

शेवटी चिठ्ठ्या टाकून अकरा जण निघाले. बारावी चिठ्ठी ज्याची निघाली, तो काही केल्या सापडेना. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच जा."

घरी बायकोने पिशवी भरता भरता ऐकवलं, "अहो, बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर तुम्ही अर्ध्या वाटेत उतरता."

"हे जहाज आहे, बस नाही."

"तेच म्हणतेय मी. उतरणार कुठे?"

बंदर मागे पडून तास झाला नाही तोच बाराच्या बारा जण एका बाजूच्या कठड्यावर वाकले. कप्तान पहाऱ्याच्या जागा वाटून द्यायला आला.

"चौघं पुढे, चौघं मागे..."

"आम्ही इथेच बरे आहोत," जमादार कसेबसे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी खलाशाने हाक दिली. दोन वेगवान होड्या त्याच बाजूने सरळ जहाजावर चालून येत होत्या. जमादारांनी हुकूम द्यायला तोंड उघडलं, पण बाहेर हुकूम आला नाही. ते पुन्हा वाकले.

चाच्यांनी जवळ येऊन वर पाहिलं. खांद्याला बंदुका अडकवलेले बारा पोलीस एका रांगेत ओणवून, डोळे लाल करून, नेमके त्यांच्याकडेच बघत होते. एकही हलत नव्हता. होड्या थबकल्या, आणि आल्या त्याहून दुप्पट वेगाने परत गेल्या.

परतल्यावर साहेबांनी कप्तानाचं पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "तीन दिवस एकाही शिपायाने कठडा सोडला नाही. जेवायलासुद्धा नाही. अशी कर्तव्यनिष्ठा मी पाहिली नव्हती."

जमादारांच्या पायांखालची फरशी अजून डुलत होती. त्यांनी हळूच टेबलाची कड धरली.

"आता सगळेच कप्तान पहारा मागताहेत," साहेब म्हणाले. "सोमवारी पन्नास नवे शिपाई पाठवतोय. कठड्यावर कसं उभं राहायचं, ते त्यांना तुम्ही शिकवा."

"शिकवावं लागत नाही, साहेब," जमादार म्हणाले. "आपोआप येतं."