कुकर ठेवा, कथा न्या

"यंदा पोरं वाचणार म्हणजे वाचणारच!" असं म्हणत हर्षद सरांनी प्राचार्यांच्या टेबलावर हात आपटला. तो नेमका पेपरवेटवर बसला. कळ मस्तकात गेली, तरी सर हसत राहिले, कारण प्रश्न पोटाचा होता. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'जुन्या कोरियन गद्यकथा' नावाचा पेपर होता. अख्ख्या रत्नागिरीत तो शिकवणारे सर एकटेच, आणि तेही तासिका तत्त्वावर. पोरं काही वाचत नाहीत, नुसत्या नोट्स मागतात, तेव्हा येत्या चाचणीत उजेड पडला नाही तर पेपर बंद, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. पेपर बंद म्हणजे सर घरी!

पण सरांकडे जालीम उपाय होता. जुन्या कोरियात म्हणे कादंबऱ्या भाड्याने मिळत, आणि बायका त्यासाठी घरातली भांडी गहाण ठेवत. झालं! सरांनी एका घराण्याची लांबलचक कथा मराठीत आणायला घेतली, भागाभागांच्या झेरॉक्स काढल्या आणि वर्गात फर्मान सोडलं. घरातलं भांडं ठेवा, भाग न्या. वाचून परत करा, भांडं सोडवा. भांडं अडकलं की माणूस झक मारत वाचतो, असा त्यांचा सिद्धांत होता.

सुरुवातीला नुसते चमचे आले. चमच्याला सर फक्त प्रस्तावना देत. मग कढया आल्या, तवे आले. दुसरा भाग तर ऐन मोक्यावर संपत होता. नवरा परीक्षेसाठी राजधानीला गेलेला, आणि इकडे सासूने धाकट्या सुनेला कोठारात कोंडून किल्ली कमरेला लावलेली! त्या भागासाठी तस्नीमने रिक्षात घालून बिर्याणीचा टोप आणला. भांड्यांनी विभागातलं कपाट बंद होईना. परत आलेल्या पानांवर हळदीची बोटं असत, कधी माशांचे खवले. सरांना भरून यायचं. जेवतानासुद्धा वाचतात माझी लेकरं!

चाचणीच्या दिवशी प्राचार्य स्वतः शेवटच्या बाकावर येऊन बसले. सरांनी मुद्दाम सोपा प्रश्न टाकला, सुनेला कोणी कोंडलं? वर्ग पंख्याकडे बघायला लागला. शेवटी निलेशने धीर करून विचारलं, राजाने का? कथेत राजा नव्हताच.

मग मिरकरवाड्याची उझमा उभी राहिली. "सर, खरं सांगू? आमच्यातलं कोणीच वाचलेलं नाही. भाग घरी नेला की अम्मी काढून घेते. बंदरावरचा माशांचा लिलाव आटपला की तिथल्या सगळ्या बायका वाचत बसतात. भांडी पण त्याच देतात."

"भांडी? कसली भांडी?" असं म्हणत प्राचार्य उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. धडाधड भांडी कोसळली! एक कुकर गडगडत त्यांच्या पायाशी आला. त्याच्या कानाला निळी वायर गुंडाळलेली होती.

"हा आमचा कुकर," प्राचार्य म्हणाले. "ही वायर मी बांधलीय."

कुकर दुरुस्तीला गेलाय असं त्यांना घरी सांगितलं होतं, आणि बिचारे आठवडाभर अर्धकच्ची डाळ गिळत होते. उझमाने खालमानेने उरलेलंही सांगून टाकलं. प्राचार्यांच्या मॅडम अम्मीकडून भाग नेत, आणि अम्मी भांडं घेतल्याशिवाय कोणाला पानही दाखवत नसे. आपला टोप कशाला अडकवायचा, मॅडमचा कुकर आहे ना, असा तिचा हिशेब होता.

प्राचार्यांनी कुकर पोटाशी धरला, पेपर बंद म्हणून जाहीर केलं आणि निघून गेले.

सर मांडवीच्या जेट्टीवर जाऊन बसले. आता नोकरी शोधायची कुठे? कोरियन कथांची जाहिरात कोण काढतो? दिवस कलला तसा फोन वाजला. प्राचार्यच होते, आवाज अगदी दबका.

"ते बंद-बिंद राहू द्या हो सध्या. आमची ही कुकर घरात घेत नाहीये. सून कोठारातून सुटेपर्यंत स्वयंपाक नाही म्हणते. तिसरा भाग कुठवर आलाय?"

पेपर वाचला! सर छाती फुगवून घरी आले. आजवर कोरियाचं नाव काढलं की त्यांची बायको श्रद्धा मिक्सर लावायची. पण आज तिला कळायलाच हवं होतं, आपला नवरा काय चीज आहे ते! त्यांनी ऐटीत चहा मागितला.

"चहाचं पातेलं नाही घरात," श्रद्धा हातातल्या झेरॉक्समधून मान वर न करता म्हणाली. "शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. तिसरा भाग आला की सोडवून आणीन. पण येतोय कुठला! कोण भाषांतर करतो कोण जाणे, मेल्याने नावसुद्धा घातलेलं नाही. लाज वाटली असणार. भाषा इतकी बोजड, की आम्ही सासू बोलते तेवढंच वाचतो, बाकीचं सरळ गाळतो."

सर पाणी प्यायला आत गेले. ते ओंजळीने प्यावं लागलं. पेलाही काकूंकडेच होता.