बाबलीचा जामीनदार

कायद्याला घाबरणाऱ्या माणसांची गंगाराम परबाला कीव येई. मालवणच्या बाजारात त्याचं सुंभाचं दुकान होतं आणि सुंभाबरोबर तो गिऱ्हाइकाला कायद्याचा सल्ला फुकट देई. न दिला तर जेवण पचत नसे! त्यामुळे दारूबंदीच्या शिपायांनी बाबली तांडेलाला गोव्याहून आणलेल्या बाटलीसकट धक्क्यावर धरलं आणि त्याची बायको नर्मदा रडत दुकानात आली, तेव्हा गंगारामानं ऐटीत टोपी चढवली.

"रडतंस कित्याक गो? मी आसंय मा! जामीन म्हणजे काय, एक सही!"

सही झाली. बाबली सुटला. गंगाराम छाती काढून कोर्टाबाहेर पडणार, तोच कारकुनानं विचारलं, "परब, कागद वाचलात ना?"

"न वाचता सही करणारे आम्ही नव्हे!" गंगाराम म्हणाला. त्यानं एक ओळही वाचली नव्हती.

"बरं झालं. आरोपी तारखेला आला नाही, तर जामिनाची रक्कम तुम्ही भरायची. नाही भरलीत तर देवळामागची तुमची माडांची बाग लिलावात जाईल."

गंगारामानं टोपी काढून हातात घेतली. दुकानातला काथ्या त्या बागेतला, घरातलं खोबरेल त्या बागेतलं. बाग गेली म्हणजे चूल विझली!

घरी त्यानं भीतभीत बायकोला सांगितलं. आनंदीनं कपाळावर हात मारला.

"सही करूच्या आधी माका इचारलास? त्या बाबलीची मावशी खंय रवता, ठावक आसा? पेडण्याक!"

गंगारामाला आता खरा धोका कळला. पेडणं म्हणजे गोवा, गोवा म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य! बाबलीनं शीड उभारलं की संपलं. मालवणच्या फौजदारानं किनाऱ्यावर उभं राहून नुसते हात हलवायचे.

दुसऱ्या दिवसापासून बाबली दोन्ही वेळ परबांकडे जेवू लागला. डोळ्यांसमोर असलेला बरा! सुरमई त्याच्या ताटात, बांगडा गंगारामाच्या. तो समुद्रावर निघाला की गंगारामही होडीत. जन्मात कधी होडीत न बसलेला माणूस, दोन्ही हातांनी काठ धरून पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करीत होता आणि मधूनच ओरडत होता, "बाबल्या, दक्षिणेक वळा नको रे! उत्तरेक मासो काय कमी आसा?"

"शेटानू, मासो थंय आसा. हंय तुमची वांती आसा!"

मग बाबलीला खोकला झाला. गंगारामानं स्वतः काढा करून पाजला, छातीला खोबरेल चोळलं आणि तसाच धावत कारकुनाकडे गेला.

"साहेब, आरोपी मेला तर?"

"मेला तर तुमची जबाबदारी संपली."

गंगारामाला एकदम हलकं वाटलं. म्हणजे बाबली मेला तरी चालेल, पेडण्याला जाता कामा नये! आपण काय विचार करतोय हे लक्षात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. प्रायश्चित्त म्हणून त्यानं बाबलीच्या ताटात आणखी एक तुकडी वाढायला लावली.

अशी कशीबशी तारखेच्या आदल्या दिवसाची दुपार झाली. जेवून ढेकर देत बाबली म्हणाला, "शेटानू, जरा मावशीकडे जावन येतंय. बरा नाय तिका. सकाळी कोर्टात हजर!"

गंगारामाच्या कानांत लिलावाचा ढोल वाजू लागला. पण चेहरा हसरा ठेवून तो म्हणाला, "जा रे, जा! फक्त आधी मांगरातलो सुंभाचो गठ्ठो काढून दी."

बाबली बागेतल्या मांगरात, सुंभ ठेवायच्या त्या खोपटात, शिरला. गंगारामानं बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि आपल्या अकलेवर खूश होऊन घरी येऊन पडला.

संध्याकाळी नवऱ्याला शोधत नर्मदा बागेत आली. आतून बाबलीच्या हाका! तिनं गंगारामाला विचारलंसुद्धा नाही. मासळीची टोपली तिथंच टाकून ती थेट चौकीवर गेली आणि सारा बाजार जमेल अशा आवाजात ओरडली, "माझो घोव कोंडून घातलो ओऽऽ!"

पोलिसांनी कुलूप तोडलं, गंगारामावर गुन्हा नोंदवला आणि सकाळी बाबली व गंगाराम दोघेही कोर्टात हजर होते. बाबलीचा पुकारा आधी झाला. बाटलीचा तपासणी अहवाल आला होता. आत दारू नव्हतीच! मासे मुरवायचा आंबट शिर्का होता, मावशीनं घातलेला.

"मग सांगितलं का नाहीस?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"सांगललंय साहेब. वास घेवा म्हटलंय. कोणी घेवक नाय."

बाबली निर्दोष सुटला. बाग वाचली! गंगारामाला तिथंच नाचावंसं वाटलं. तेवढ्यात शिपायानं गंगाराम परबाचा पुकारा केला.

"माणसाला कोंडून ठेवलंत?" साहेब कडाडले.

"साहेब, मी... जामीनदार... कायद्याप्रमाणे..." गंगाराम पुटपुटला.

"भीती वाटत होती तर जामीन रद्द करा म्हणून अर्ज द्यायचा. तो जामीनदाराचा हक्क आहे. कुलूप लावायचा हक्क कुणालाच नाही! जामीन कोण राहतंय?"

गंगारामानं आशेनं मागं पाहिलं. ज्यांना त्यानं इतकी वर्षं फुकट सल्ला दिला ते सगळे एकाएकी छपराची कौलं मोजू लागले होते. जामीनदार मिळाला नाही तर तुरुंग! आनंदीनं तोंडाला पदर लावला.

"मी रवतंय साहेब," बाबली पुढे झाला. "माझी होडी लिवन देतंय."

नर्मदानं नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर जागच्या जागी बसला असता. पण बाबली हलला नाही. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं कारकुनाकडून सगळा कागद वाचून घेतला, न कळलेलं पुन्हा विचारलं आणि मगच अंगठा उठवला. गंगारामाचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आणि आपण त्याला मांगरात कोंडलं!

घरी येऊन तो जेमतेम टेकला, तर दारात बाबली. काखेत अंथरूण.

"वयनी, माझा ताट वाढा. पुढची तारीख म्हयन्यान आसा."

"अरे, पण तू तर सुटलंस!" गंगाराम म्हणाला.

"मी सुटलंय. तुमी खंय सुटलास? तुमी पळालास तर माझी होडी जातली!"

गंगारामानं तांब्या उचलला आणि मागच्या दारानं निघाला. पाठोपाठ पावलं वाजली.

"बाबल्या, अरे परसाकडे चाललंय मी!"

"जावा शेटानू, सावकाश होवंदे. मी पाठ करून उभो रवतंय."