खुटबावकर भिमाजी आबांनी 'परीक्षण' हा शब्द सर केला त्याची हकीकत

मौजे खुटबाव, तालुके दौंड येथे अलीकडे जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले, जैसे ऐकिले, तैसे लिहितो. यात पदरचे मीठ घातले नाही; घातले असल्यास चवीपुरते. वाचणारांनी सबूर धरावी आणि पाणी पिऊन बसावे, कारण हकीकत पाण्याचीच आहे.

खुटबावी राजमान्य राजश्री भिमाजी आबा, वयाने सत्तरी ओलांडलेले, मिशीने मातबर आणि शब्दाचे पक्के, असे नांदत होते. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती साळूबाई. चिरंजीव विक्रम कारखान्याच्या चाकरीस, त्यास रजा मिळेना. सूनबाई अनिता दौंडची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. आबांच्या विहिरीवर पूर्वीपासून विजेची मोटार होती. ती घरघर करी परंतु दगा देत नसे. मग आबांच्या मनी ऐसे आले की, आता सूर्यनारायणाशी परभारे सलूख करावा आणि वीजवाल्यांची मिजास मोडावी. त्यांनी सौर पंप बसविला, निळ्या पाट्या उन्हात मांडिल्या, आणि जुनी मोटार विकून टाकिली. साळूबाई म्हणाल्या होत्या, "आवं, ऱ्हाऊ द्या ती कोपऱ्यात. काय खायाला मागती का?" आबांनी ते मनावर घेतले नाही. हा या मोहिमेतील पहिला चुकीचा मनसुबा होय.

त्या साली साळूबाईंनी स्वतःच्या हौसेने शेवंती लाविली. आजवर रानात काय पेरावे याचा हुकूम आबांचा असे; ही पट्टी मात्र साळूबाईंची खासगी जहागीर. रोपे कोवळी, ऊन वैशाखाचे, आणि ऐन अशा समयी एके सकाळी पंप मुका जाहला. पंपाच्या कळीच्या डब्यावर तांबडा दिवा लुकलुकू लागला. आबांनी कळ दाबली, पुन्हा दाबली, डब्यास दोन चापट्या दिल्या, परंतु विहीर तळातून हसत राहिली.

गावचा वायरमन डबा उघडण्यास तयार नव्हता. त्याने साफ सांगितले की, यावर कंपनीचे सील आहे, मी तोडले तर कंपनी हात वर करील, तुम्ही फोन लावा. शेजारी मच्छिंद्र, नात्याने आबांचा पुतण्या, त्याच्या विहिरीस पाणी मुबलक. परंतु मधून डांबरी सडक आडवी गेलेली, पाइप टाकावा तर गाड्यांखाली चिरडून जाई. मग साळूबाईंनी डोईवर हंडा घेतला आणि मच्छिंद्राच्या हौदावरून पाणी आणून रोपांच्या मुळाशी तांब्या तांब्या घालू लागल्या. गुडघा त्यांचा अधू. आबा मदतीस उठले तेव्हा त्या इतकेच बोलल्या, "तुम्ही फोन लावा."

तेव्हा आबांनी बाजेवर बैठक मारून फोन लाविला. पलीकडे माणूस नव्हता, नुसता आवाज होता. यंत्राची बाई, बोलणे लोण्यासारखे, परंतु हिंदीत आणि तेही ऐसे शुद्ध की ऐकणाऱ्याने हात जोडावे. मराठीचे बटण दाबता थोडी सनई वाजली आणि फिरून तीच बाई आली. तिने प्रथम फर्माविले की, सुरक्षा हेतु आपका स्वर पंजीकृत किया जाएगा. आबांनी आपले नाव सांगितले, आणि बाईने आबांचा आवाज दप्तरी दाखल करून घेतला. मग विचारिले, "कृपया बताएँ, आप क्या करवाना चाहते हैं?"

आबा म्हणाले, "पंप बंद पड्या हय. जरा आके बघो."

"क्षमा करें, मैं समझ नहीं पाई."

"पंप तपासना हय, बाई. मोटर चालू न्हई होती. रोपां सुकती हय."

"क्षमा करें, मैं समझ नहीं पाई." आणि बाईने दरवाजा लावून घेतला. पहिला हल्ला याप्रमाणे नामोहरम जाहला.

दुसरे रोजी मच्छिंद्र कुमकेस आला. त्याने रांजणगावच्या कारखान्यात बिहारी मंडळींबरोबर बरीच वर्षे काढिली होती, आणि आपली हिंदी दिल्लीपावेतो चालते ऐसा त्याचा लौकिक त्यानेच गावात केला होता. त्याने फोन हाती घेऊन दरडाविले, "ओ मॅडम, पंप चेक करने का है, आदमी भेजो." बाईने जबाब दिला की, हा स्वर पंजीकृत नाही, मूळ ग्राहकाने बोलावे. मच्छिंद्राचा चेहरा उतरला. मग तो आबांच्या कानी लागला आणि आबांनी तेच शब्द उच्चारिले, "पंप चेक करने का हय."

बाई आनंदून म्हणाली, "क्या आप चेक द्वारा भुगतान करना चाहते हैं?"

आबांनी फोन बाजेवर ठेविला आणि पंचाच्या नजरेने मच्छिंद्राकडे पाहिले. मच्छिंद्र म्हणाला, "आबा, कारखान्यात ह्यावरच भागतं." आणि वैरणीचे निमित्त काढून निघून गेला.

तिकडे साळूबाईंच्या खेपा चालूच होत्या. कडेच्या ओळीतील रोपांनी माना टाकिल्या होत्या. आबा रोज ती ओळ पाहून येत आणि कोणास काही सांगत नसत. जेवणास बसले तरी भाकरीचा तुकडा हातात तसाच राही.

हे अनिता सूनबाईंनी ओळखिले. त्या दौंडच्या असल्याने त्यांच्या बालपणी भिंतीपलीकडे कानपूरकर, आल्याडपल्याड रेल्वेचे साहेब, आणि फाटकाबाहेर फलक, सर्व काही हिंदीत. त्यांनी मसलत दिली की, आबा, 'जाँच करवाना है' म्हणा.

"काय करवाना हय?"

"जाँच."

आबा दचकले. "जाच? अगं, सुनंनं सासऱ्याच्या तोंडून जाच वदवून घेतला, आसं गावात झालं म्हंजी? दुसरा शब्द बघ."

अनिता पदर तोंडाशी धरून हसल्या आणि विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "साहेब लोक अजून एक म्हणायचे. परीक्षण करवाना. इंजनाचं परीक्षण, ब्रेकचं परीक्षण. ही बाई पण त्यांच्यातलीच दिसती. 'पंप का परीक्षण करवाना है' म्हणून बघा."

शब्द भारदस्त होता. आबांस तो पसंत पडला, कारण त्यात कोणाची विनवणी नव्हती. त्यांनी मिशीवर हात फिरविला, घसा साफ केला आणि फोनात सोडिला, "पंप का परशिक्षान करवाना हय!"

मग बाई बोलली, "धन्यवाद. आपका प्रशिक्षण का अनुरोध स्वीकार किया गया है. हमारे प्रतिनिधि कल पधारेंगे."

धन्यवाद हा शब्द कानी पडताच पुढचे कोण ऐकतो? मच्छिंद्र वैरण टाकून धावत आला, भेळ मागविली, आणि खुटबावभर डांगोरा पिटला की, आबांनी बाई जिंकिली. साळूबाईंनीही त्या सांजेस एक खेप कमी केली.

दुसरे दिवशी उन्हे चढताना स्कूटीवरून एक मुलगी आली. डोईस शिरस्त्राण, पाठीस पिशवी, नाव प्रांजल, मूळ मुलूख जबलपूर, हल्ली मुक्काम दौंड. आबांनी तिला बाज दिली, अनितांनी पाणी दिले. तिने पिशवीतून रंगीत तक्ता काढून खांबास अडकविला आणि आरंभ केला की, सूर्य पूर्वेस उगवतो. पाट्यांवर धूळ बसू देऊ नये. पाट्यांवर गोधडी वाळत घालू नये. आबा, अनिता आणि मच्छिंद्र आदबीने ऐकत राहिले. मनी म्हणाले, पंप उघडण्यापूर्वी हा मंत्र म्हणावा लागत असेल.

इतक्यात साळूबाई हंडा घेऊन आल्या. त्यांनी विचारिले, "पोरी, पंप कवा चालू व्हायचा?"

प्रांजल थांबली. "पंप बंद है?"

अनितांनी मान डोलविली. तिने आपला फोन काढून हुकूम वाचला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आबाजी, मुझे तो प्रशिक्षण का ऑर्डर है. ट्रेनिंग. आपने परीक्षण नहीं, प्रशिक्षण बोल दिया होगा. डिब्बा खोलने का मुझे अधिकार नहीं है, मेकॅनिक को है." तिला स्वतःलाच इतके वाईट वाटले की, तिने तेथल्या तेथे कचेरीस फोन लाविला. पलीकडून लोण्यासारख्या आवाजात तीच बाई म्हणाली, कृपया बताएँ. प्रांजलने फोन आबांस ऐकविला आणि म्हणाली, "हमको भी यही मिलती है."

साळूबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत, कोणास शब्द लाविला नाही. हंडा रिता केला, तो काखेस मारून लंगडत पुन्हा सडकेकडे निघाल्या. आबा त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. दरबारात कोणी शिवी दिली असती तर ते बरे, ऐसे त्यांच्या तोंडावर दिसत होते. मग ते बाजेवरून उठले, त्या मुलीपुढे खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, तुला शिकवायचा हुकूम हाय न्हवं? मग मला त्यो शब्द शिकीव."

प्रांजलने तक्ता गुंडाळून ठेविला. मग तेथे जी तालीम जाहली तिला जोड नाही. ती म्हणे परीक्षण, आबा म्हणत परशिक्षान. ती म्हणे परी, आबा म्हणत परशी. अखेरीस कारण उमगले. आबांनी नुकतीच दातांची कवळी बसविली होती, आणि ती ऐन 'री' पाशी घसरून मध्ये 'श' घुसवीत होती. आबांनी मच्छिंद्रास तोंड फिरविण्याची आज्ञा केली, कवळी काढिली आणि ती फुलपात्रात मुक्कामास ठेविली. परंतु आता नुसती हवा जाऊ लागली. मच्छिंद्र तोंड फिरवूनच हसला. प्रांजल हसली नाही. तिने विचारिले, "मराठी में परी होती है ना? उड़ने वाली?"

"हुती की."

"और क्षण?"

"त्योबी हाय."

"तो पहले परी बोलिए. फिर रुकिए. फिर क्षण. जल्दी मत कीजिए, पंप कहीं भागा नहीं जा रहा."

आबा म्हणाले, "परी." थांबले. मग हिरड्या आवळून म्हणाले, "क्षण." अनिता चुलीवरचा चहा विसरून दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी पुन्हा म्हटले, अंतर कमी केले, पुन्हा म्हटले. घाम कानामागून वाहत होता. पोर दमली, पाणी प्याली आणि पुन्हा बसली. म्हातारा दमला, पाणी प्याला आणि पुन्हा बसला. अखेर परी आणि क्षण यांचा तह जाहला.

मग आबांनी फोन लाविला. प्रांजलने बोट ओठावर ठेवून सर्वांस गप्प केले. बाईने विचारिले आणि आबा एक एक अक्षर पायरीवर पाय ठेवावा तैसे बोलले, "पंप का परीक्षण करवाना है."

"धन्यवाद. आपका परीक्षण का अनुरोध स्वीकार किया गया है."

या वेळी सर्वांनी शब्द कान देऊन ऐकिला आणि एकमेकांकडे पाहून खात्री केली. बाईने आणखी विचारिले, "क्या आप अपने प्रशिक्षण से संतुष्ट हैं?"

आबांनी प्रांजलकडे पाहिले. "हाँ, बाई," ते म्हणाले. "बहुत."

अनितांनी तिला जेवल्याविना जाऊ दिले नाही. निघतेवेळी तिने कबूल केले की, "घर में तो हम भी चेक ही बोलते हैं, आबाजी."

पुढे मेकॅनिक आला. नाव हृतिक, शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचा, भाषा आपलीच. आबा कवळी बसवून, स्वच्छ टोपी घालून पाट्यांपाशी उभे होते. त्यांनी गंभीरपणे सांगितले, "पंप का परीक्षण करवाना है."

हृतिक पाना हातात धरून उभा राहिला. "म्हंजी काय करायचं, आबा?"

आबांनी टोपी मागे सारिली. मग म्हणाले, "चेक कर, बाबा."

त्याने सील तोडून डबा उघडिला. आत मुंग्यांनी तळ ठोकला होता आणि एक वायर ढिली जाहली होती. त्याने मुंग्यांस हद्दपार केले, वायर आवळिली, कळ दाबली. तांबडा दिवा जाऊन हिरवा लागला, विहिरीच्या पोटात गुरगुर जाहली आणि पाइपाने दोन वेळा खोकून पाण्याची धार सोडिली. पाणी सरीतून शेवंतीच्या ओळींत शिरले. कडेची ओळ काही वाचली, काही गेली. बाकी पट्टी संपूर्ण हाती राहिली. येणेप्रमाणे खुटबावच्या मोहिमेत आबांची फत्ते जाहली, आणि 'परीक्षण' हा शब्द त्यांच्या मुलखात दाखल जाहला, हे दप्तरी नोंदवून ठेवितो.

त्या वेळी साळूबाई सडकेवरून शेवटची खेप घेऊन येत होत्या. धार पाहून त्यांनी हंडा बांधावर टेकविला, लुगडे सावरून बसल्या आणि दुखरा पाय सरीत सोडिला. आबा थोडे दूर उभे होते. जवळ जावे की न जावे याचा निकाल त्यांस लागेना.

"इकडं बसा," साळूबाई म्हणाल्या. "पाणी गार हाय."

आबा बसले आणि त्यांनीही पाय पाण्यात सोडिले. मग पुष्कळ वेळ कोणत्याही भाषेत कोणी काही बोलले नाही.