उद्घाटनाचा चेंडू

"उद्या पानसे साहेब माझ्या बॉलवर असा सिक्स मारतील, असा मारतील, की बॉल थेट आपल्या द्राक्षाच्या मांडवात जाऊन पडंल!" देवरामनं जेवता जेवता जाहीर करून टाकलं.

सुमनबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि एवढंच विचारलं, "तो? आणि मारंल?"

आता ह्या प्रश्नामागं सगळा संसार होता बघा! हेमंत पानसे म्हणजे माजी कसोटी कर्णधार, सलामीचे फलंदाज आणि आमच्या देवरामचं दैवत. दिंडोरीतल्या त्याच्या घरात, हॉलच्या ऐन मधल्या भिंतीवर पानशांचं हे एवढं मोठं पोस्टर, लग्नाच्या आधीपासून चिकटलेलं. पण हे दैवत चेंडू मारण्यापेक्षा सोडण्यासाठीच प्रसिद्ध! ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू दिसला, की बॅट वर आणि चेंडू कीपरच्या हातात. दिशाच्या, म्हणजे लेकीच्या बारशाला आल्यागेल्याचं बघायचं सोडून देवराम टीव्हीसमोर ठाण मांडून बसला होता, कारण साहेब मॅच वाचवत होते. बाया पाळणा म्हणून, घुगऱ्या घेऊन घरी गेल्या, तरी साहेबांचा स्कोअर जागचा हलला नव्हता! त्या दिवसापासून सुमनबाईंना पोस्टरच्या जागी काचेचं शोकेस हवं होतं.

"मग ठरलं," सुमनबाई म्हणाल्या. "उद्या त्यानं एक तरी बॉल मारला, तर ऱ्हाऊ दे पोस्टर. नाय मारला, तर ते काढायचं आन् तिथं माझं शोकेस!"

"मंजूर!" देवराम छाती काढून म्हणाला. पण पुढची भाकरी मात्र नको म्हणाला. साहेबांचं अख्खं करिअर त्याला तोंडपाठ होतं ना!

झालं होतं असं, की साहेब नात्यातल्या लग्नाला नाशिकला आले होते. देवराम द्राक्षाची पेटी घेऊन हॉटेलच्या दारात जो बसला, तो होकार घेऊनच उठला. द्राक्ष चषकाचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते! आमच्याकडची रीत सोपी आहे. स्पर्धेच्या अध्यक्षानं, म्हणजे देवरामनं, एक चेंडू टाकायचा आणि पाहुण्यानं तो टोलवायचा. बॅटला चेंडू लागला, की कमिटीतल्या खंडेरावांनी नारळ फोडायचा. नारळ फुटला की बँड, आणि बँड वाजला की जेवणाच्या पंगती. एरवी पाहुणा डॉक्टर असो नाहीतर पुढारी, डोळे मिटून बॅट फिरवतो आणि मोकळा होतो. पण पाहुणा कसोटीचा सलामीवीर निघाला तर काय होतं, ह्याचा विचार कमिटीतल्या एकाही शहाण्यानं केला नव्हता!

दुसऱ्या दिवशी मैदानावर शाल झाली, फेटा झाला. साहेब खेळपट्टीवर आले. त्यांनी फेटा उतरवून अंपायरच्या डोक्यावर ठेवला, मधल्या स्टंपाचा गार्ड मागितला, बुटानं रेघ ओढली आणि वाकून वाकून खडे वेचायला लागले. मग जमिनीला हात लावून गंभीरपणे म्हणाले, "ओलावा आहे. पहिला तास जपून खेळावा लागेल."

"पहिला तास?" नारळ डोक्यावर धरून उभे असलेले खंडेराव ओरडले. "देवरामभाऊ, हे काय म्हणत्यात?"

देवराम धावत सुटला. तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "थांबा! बॉलरच्या मागं कोणीतरी हलतंय."

बॉलरच्या मागं व्यासपीठ होतं हो! फोटोत सगळे मान्यवर यावेत म्हणून कमिटीनं ते मुद्दाम तिथंच बांधलं होतं. लगेच माइकवरून सूचना झाली, "मान्यवरांनी कृपया हालचाल करू नये!" मान्यवर श्वास रोखून बसले. पण सरपंचांच्या नाकावर माशी बसली, आणि साहेबांचा हात पुन्हा वर. शेवटी सगळे मान्यवर आपापल्या खुर्च्या उचलून बाभळीखाली जाऊन बसले.

आता मैदान मोकळं होतं. देवरामनं चेंडू सदऱ्याला घासला. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि चेंडू टाकला. चेंडू ऑफच्या बाहेर, चांगला हातभर बाहेर! साहेबांनी एक पाय आत टाकला आणि बॅट झोकात वर नेली. बॅट वर गेलेली दिसताच बँडवाल्यांनी धाडकन सुरुवात केली!

"अरे थांबा! सोडला, सोडला!" अंपायर किंचाळला. खंडेरावांनी निम्म्यावर आलेला नारळ कसाबसा सावरला.

"काय सोडला राव! क्लास!" देवरामनं स्वतःच्याच चेंडूला टाळ्या वाजवल्या. आणि मग त्याचं लक्ष बाभळीकडं गेलं. ओवाळायचं ताट एका हातावर सांभाळत सुमनबाई दुसऱ्या हातानं दिशाला शोकेसची रुंदी दाखवत होत्या.

पुढचा चेंडूही बाहेर. साहेबांनी सोडला. त्याच्या पुढचा थेट सरपंचांच्या मांडीवर! जितकं नीट टाकायला जावं, तितका चेंडू लांब जाई.

"साहेब, पाया पडतो, एक तरी मारा ना!"

"देवरामराव, मारण्यासारखा तर पडू द्या. स्टंपात टाका."

"तेच करतोय ना साहेब!" देवराम रडकुंडीला आला. तिकडं पुऱ्या गार झाल्या. लोक म्हणायला लागले, "आपण खाऊन येऊ, तवर बॉल लागंल." नारळ धरून धरून खंडेरावांचे हात भरून आले. एवढ्यात सुमनबाई तरातरा मैदानात आल्या.

"धरा हे ताट!"

"अगं, पण..."

"धरा म्हणते ना!" ताट देवरामच्या हातात गेलं. सुमनबाईंनी पदर खोचला, चेंडू घेतला आणि बांधावरच्या शेळीला खडा मारावा तसा खालून भिरकावला. साहेबांनी सवयीनं एक पाय आत टाकला, मान स्थिर ठेवली, बॅट झोकात वर नेली, आणि चेंडू सोडला.

खट्! ऑफ स्टंप आडवा!

ते बघून खंडेरावांच्या हातातला नारळ सुटला आणि स्टंपाजवळ त्यासाठीच ठेवलेल्या दगडावर आपटून फुटला. नारळ फुटलेला दिसताच बँड सुरू! बँड ऐकताच पब्लिक पंगतीकडं पळालं. बॅटला चेंडू लागला की नाही, ह्याची विचारपूस करायला कोणाला वेळच नव्हता.

साहेब मात्र तिथंच उभे. त्यांनी मागं वळून स्टंपाकडं बघितलं, पुढं येऊन खेळपट्टीवर बॅट ठोकली आणि म्हणाले, "उसळलाच नाही. खाली राहिला."

"लय खाली राहिला साहेब!" ताट सांभाळत देवराम म्हणाला. "मी बघितलं ना!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्याच आठवड्यात पोस्टर उतरलं. उतरवताना देवरामच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू! शोकेस आलं आणि त्याच्या ऐन मधल्या कप्प्यात तो फोटो फ्रेम करून बसला. पदर खोचलेल्या सुमनबाई, बॅट वर धरलेले साहेब आणि हवेत उडालेली बेल. खाली साहेबांच्या हातानं लिहिलेलं, 'सुमनवहिनींना सप्रेम. चेंडू खाली राहिला होता.'

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सुमनबाई तो चेंडू पहिल्यापासून सांगतात. परवा नामपूरची पाहुणी फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "आणि हे ओवाळायचं ताट घेऊन कोण उभं आहे?"

"ते होय? ते आमचे मालक," सुमनबाई म्हणाल्या. "त्यांना बॉलिंगची भारी हौस!"