उशीपाशीचा रकाना

शिवमूर्तीअप्पा कोणाच्याही घरी गेले की पाणी घेण्यापूर्वी तापमापक काढतात. मध्यंतरी अहमदपुरात एका साखरपुड्याला अप्पा भर मंडळींत खुर्चीवर चढले आणि स्लॅबला ते काट्याचे यंत्र टेकवून उभे राहिले. उतरून म्हणाले, "सोयरीक लई चांगली हाय. छत बेकार हाय."

अप्पांनी उभा जन्म मिस्त्री म्हणून स्लॅब ओतण्यात घालवला. पुढील काळातील घरांचे ऊर्जाविषयक नियम ठरण्यापूर्वी खऱ्या घरांतील उष्मा नोंदवावा, यासाठी संशोधन लातूरच्या एका प्राध्यापकांनी आरंभले आणि अप्पांच्या दोन खोल्या निवडल्या. एकीच्या छतावर पांढरा चुना, दुसरीचे चुन्याविना उघडे. रोज दुपारी तीनला नोंद. तेव्हापासून अप्पांचे एकच वाक्य: "अंगाला पुसू नका, काट्याला पुसा."

मी तहसीलसमोर अर्ज लिहितो. माझ्या मसुद्यावर लाल पेन चालवण्याची वेळ साहेबांवर सहसा येत नाही. साहजिकच नोंदींसोबत सरकारकडे पाठवावयाचे निवेदन माझ्याकडे आले. वहीत छत, भिंत, बाहेरची हवा असे तीन छापील रकाने होते. चौथा अप्पांनी स्वहस्ते आखला होता: ‘उशीपाशी’.

"हा नमुन्यात नाही, अप्पा. गाळतो."

"गाळायचा असंल तर वही वापस द्या, मुन्शीजी."

"अहो, सरकार उशी मोजत नसते!"

"म्हनूनच मी मोजून राहिलो."

दुसऱ्या दिवशी समजूत घालण्यासाठी मी तीनच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो. उघड्या छताच्या खोलीत रिकामा पलंग होता. त्यावर धुतलेल्या खोळीची उशी, आणि तिच्यापाशी यंत्र धरून अप्पा.

"तुमची वैनी शेवटचे दोन उन्हाळे हितंच पडून होती," ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "म्हनायची, भट्टी झाली हो खोलीची. मी म्हनलो, पत्रा हाय का? माझ्या हातचा स्लॅब हाय. तुझ्याच अंगात ताप हाय." त्यांनी आकडा लिहिला. "आता काटा रोज तिचंच म्हननं सांगून राहिला."

मी तिथेच बसून मसुदा नव्याने केला: ‘विनंती विशेष, घराची परीक्षा माणूस डोके टेकतो त्या जागीही व्हावी.’

अप्पांनी सही केली आणि कागद धरूनच ठेवला. "तिचं नाव बसंल का हो कुठं?"

अर्जदार हयात असावा लागतो, हे मला अर्थातच ठाऊक आहे. मी कागद परत घेतला आणि अप्पांच्या सहीच्या वर स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘प्रथम तक्रारदार: गंगाबाई.’