लाईट इली म्हणजे कितकी इली?

पास्कू मास्तर कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "प्लग खंय आसा?" यजमान बिचारा "येवा, बसा" म्हणतोय, आत चहाचं आधण चढलंय, आणि हे महाशय खांद्यावरच्या कापडी पिशवीतून मीटर काढून त्याच्या पिना प्लगात खुपसतायत! बारशाला गेले तरी तेच, तेराव्याला गेले तरी तेच.

पिशवीत मीटर दोन. एक दाब मोजायचा, म्हणजे व्होल्ट. दुसरा धारा मोजायचा, म्हणजे अँपिअर. खिशात खडू. दोन आकडे हाती आले की हा माणूस दिसेल त्यावर गणित मांडणार, मग ती दाराची फळी असो की पालथी घातलेली होडी. माझ्या नव्या कोऱ्या सायकलचं मडगार्डसुद्धा सुटलं नाही. गणित करताना मात्र मालवणी बंद, एकदम वर्गातली भाषा. "दाब भागिले धारा, बरोबर रोध. दाब गुणिले धारा, बरोबर शक्ती." हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माझ्या शेजारीच एकटे राहायचे. बायको कधीतरी गोव्याला माहेरी गेली ती परत आली नव्हती. का, ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या मालवणात लाईट गेली की वाडी ओरडायची, आणि आली की दुप्पट ओरडायची. "इली रे इली!" लगेच कुंपणापलीकडून मास्तर, "इली म्हणजे कितकी इली?" मला असा संताप यायचा! "मास्तर, इली मां? मगे गप ऱ्हवा!" असं मी त्यांना तोंडावर सुनावलंय. त्यांची नक्कल करून चार लोकांना हसवण्यात तर माझा हात कुणी धरला नसता.

मग माझी मुलगी, आमच्या भाषेत चेडू, जन्माला आली. साडेसातव्या महिन्यातच. जेमतेम दीड किलो. डॉक्टरीणबाईंनी आपल्या लहानशा दवाखान्यात तिला लाकडी पेटीत ठेवलं. पेटीच्या खालच्या कप्प्यात शंभर वॉटचे दोन दिवे, आणि त्यांच्या उबेवर वर ही एवढीशी पोर. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी तिच्या तळपायाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. पाय गार पडत चालले होते. कोल्हापूरला न्यावं तर मध्ये घाट, तेवढी ऊब गाडीत कुठून आणायची?

नेमके तेव्हाच मास्तर बघायला आले आणि दारातून म्हणाले, "प्लग खंय आसा?"

माझं डोकंच फिरलं. "भायर चला आधी!" मी ओरडलो. ते हलले नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, "पेटीतले दिवे?"

"चालू आहेत की, मास्तर."

"चालू म्हणजे किती चालू?"

पिना आत गेल्या. काटा एकशे साठावर. दोनशे तीस हवेत. बंदरात त्या दिवशी बांगडा उदंड आला होता आणि बर्फाच्या कारखान्याची यंत्रं धडधडत होती. गावाचा दाब सगळा तिकडे खेचला जात होता.

"धारा मोजूक वायर तोडूक होयी. अर्धो मिनिट दिवे बंद."

मी त्यांचं मनगट धरलं. बाई म्हणाल्या, "सोडा. करू दे त्यांना."

दिवे विझले. ते अर्धं मिनिट मी एकेक आकडा मोजून काढलं. पुन्हा दिवे लागले, दुसरा काटा हलला. शून्य दशांश सात. मास्तरांनी दवाखान्याच्या भिंतीवरच खडू चालवला. "दाब भागिले धारा, रोध दोनशे अठ्ठावीस..."

"रोध घाला चुलीत! पोरीचं सांगा!"

"दाब गुणिले धारा, एकशे बारा वॉट. पेटी दोनशेची, ऊब एकशे बाराची." मग माझ्याकडे वळून, "वसंता, शंभराचो एक आणि साठाचो एक दिवो घेवन ये. साठाचो माझ्या घरातलो काढ, दार उघडाच आसा. धाव!"

शंभराचा आमच्या ओटीवरचा काढला. मास्तरांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एक खुर्ची, एक खाट आणि तो एकच दिवा.

दोन्ही दिवे वेगळ्या बटणावर जोडून झाल्यावर मास्तर पेटीशी स्टूल ओढून बसले. "आता खरो धोको. कारखानो थांबलो की दाब चढतलो. मगे चार दिवे म्हणजे तीनशे साठ वॉट. चेडू भाजतला."

"थर्मामीटर आहे ना," बाई म्हणाल्या.

"थर्मामीटर झालेलं सांगतो, बाई. मीटर होणारं सांगतो."

एक बोट बटणावर, डोळे काट्यावर. तीन तास. समोरच्या चहावर साय धरली. मी मध्येच काही बोललो, तर नुसता हात वर केला. साडेपाचच्या सुमाराला धडधड एकदम थांबली. काट्याने उडी घेतली, आणि त्याच क्षणी खट्! जादा दिवे विझले. बाईंनी पेटीत हात घातला, तळपाय चाचपले. "ऊब आहे," म्हणाल्या, आणि मी तिथेच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

जरा सावरल्यावर विचारलं, "मास्तर, तुमका ह्या सुचला कसा?"

ते बोटांवरचा खडू पुसत राहिले. "बारा वर्सां झाली. आमच्या चेडवाक असल्याच पेटयेत ठेवलेला. मी इचारलंय, दिवे पेटतत मां? ते म्हणाले, पेटतत. आणि पेटतच होते रे, माझ्या डोळ्यांनी बघलंय. तरी चेडू गेला. विज्ञान शिकवणारो मी. कितके पेटतत, ता इचारूक नाय."

महिन्याभराने मुलगी घरी आली. एका संध्याकाळी लाईट गेली आणि आली. वाडी ओरडली. कुंपणापलीकडे मात्र चिडीचूप. मीच ओरडलो, "मास्तर, इली म्हणजे कितकी इली?"

थोड्या वेळाने फाटक वाजलं. खांद्याला तीच पिशवी. चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "चेडू खंय आसा?"